कॅलिब्रेशनमधले २८.६ मायक्रोसेकंद: विलंब नेमका कुठे नोंदवायचा?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. पुण्यातल्या तुमच्या एम.एस्सी. प्रकल्पात ४ किमी भुजांच्या गुरुत्वीय लहरी शोधकाचं सेन्सिंग मॉडेल, म्हणजे आरशाची हालचाल मोजलेल्या सिग्नलमध्ये कशी उमटते याचं गणित, बांधलं आहे. कॅव्हिटीसाठी (भुजेच्या दोन आरशांमधल्या जागेसाठी) सिंगल पोल, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेपुढे घसरणारा साधा फिल्टर, न वापरता प्रकाशाच्या आतल्या सगळ्या फेऱ्यांची पूर्ण बेरीज घेतली आहे. अ‍ॅक्च्युएशनचे (आरशांना ढकलणाऱ्या यंत्रणेचे) विलंब इलेक्ट्रॉनिक्सच्या आराखड्यावरून उचलले आहेत. फोटॉन कॅलिब्रेटर, म्हणजे पीकॅल (आरशावर लेसर पाडून त्याला माहीत असलेलं बल देणारं उपकरण), वापरून केलेल्या मापनाला या मॉडेलने भागलं की आकारमान १ च्या आसपास येतं, पण फेज सरळ रेषेत घसरते: १ किलोहर्ट्झला १०.३ अंश, ३ किलोहर्ट्झला ३०.९ अंश. उतार २८.६ मायक्रोसेकंदांचा. तेवढा विलंब सेन्सिंगमध्ये टाकला आणि रेष सपाट झाली, पण लूप गेन (सेन्सिंग, डिजिटल फिल्टर आणि आरसे ढकलणारी यंत्रणा यांचा गुणाकार) बिघडला. आधी २०० हर्ट्झला मापनाची फेज मॉडेलच्या जवळपास १ अंश मागे होती, आता मॉडेलच मापनाच्या १.१ अंश मागे आहे. शिवाय ६५ हर्ट्झच्या आसपास एकूण प्रतिसादाचं आकारमान पीकॅलच्या मापनापेक्षा १.२ टक्के कमी येतं. विलंबाने फक्त फेज हलायला हवी, मग आकारमान कसं हललं, आणि हे २८.६ मायक्रोसेकंद टाकायचे कुठे?

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. या २८.६ पैकी १३.३ मायक्रोसेकंद नक्की सेन्सिंगचे आहेत. उरलेले १५.३ हे ६५५३६ हर्ट्झच्या सॅम्पलिंगच्या घड्याळाचं बरोबर एक आवर्तन आहे. ते एक तर पीकॅलच्या वाचनात जास्तीचं वजा झालंय, नाहीतर अ‍ॅक्च्युएशनमध्ये दोनदा मोजलं गेलंय. यातलं कुठलं, हे लूपवर कितीही मापनं केली तरी कळणार नाही. त्यासाठी घड्याळाकडेच जावं लागेल.

आता सुरुवातीपासून. विलंबामुळे येणारी फेज अंशांत काढायची तर ३६० गुणिले वारंवारता गुणिले विलंब. १ मायक्रोसेकंद म्हणजे १०० हर्ट्झला ०.०३६ अंश, १ किलोहर्ट्झला ०.३६ अंश, ५ किलोहर्ट्झला १.८ अंश. म्हणून उरलेल्या फेजचा आलेख काढताना वारंवारतेचा अक्ष लॉगचा ठेवू नका, साधा ठेवा. साध्या अक्षावर शुद्ध विलंब शून्यातून जाणारी सरळ रेष दाखवतो. रेष सरळ असून शून्याऐवजी १८० अंशांतून जात असेल तर कुठेतरी चिन्ह उलटं पडलंय. पीकॅलमध्ये हे हमखास होतं, कारण मोकळ्या वस्तुमानाचं विस्थापन बलाच्या उलट फेजमध्ये असतं. रेष वाकत असेल तर तो विलंब नाही, फिल्टर किंवा पोल आहे. लॉग अक्षावर हे तिन्ही एकमेकांसारखे दिसतात, आणि तिथेच पुष्कळ वेळ वाया जातो.

काही आकडे पाठच असलेले बरे. प्रकाशाला ३९९४.५ मीटरची भुजा एकदा पार करायला १३.३ मायक्रोसेकंद लागतात. ६५५३६ हर्ट्झचं एक आवर्तन १५.२६, आणि १६३८४ हर्ट्झचं ६१.०३५. काचेच्या फायबरमध्ये एका किलोमीटरला ४.९, म्हणजे ४ किमीला साडेएकोणीसच्या थोडं वर. डॅक (डिजिटल आकड्यांचं व्होल्टेज करणारा भाग) प्रत्येक सॅम्पल पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो, त्याचा विलंब अर्ध्या आवर्तनाचा: ६५५३६ हर्ट्झला ७.६३. कोअ‍ॅक्स केबलचे मीटरला ५ नॅनोसेकंद, ते इथे सोडून द्या. कुठलाही उतार हाती आला की पहिल्यांदा तो या आकड्यांच्या बेरजेत बसतो का ते पाहा. १३.३ अधिक १५.२६ म्हणजे २८.६. तुमचा आकडा इतका नेमका बसतोय की हा विलंब भाग जुने झाल्याने किंवा सरकल्याने आलेला नाही, हिशेबात राहून गेलेला आहे.

१३.३ चं आधी मिटवू. शेवटच्या आरशाची हालचाल प्रकाशाच्या फेजमध्ये उमटते, तो प्रकाश एक भुजा पार करून भुजेच्या जवळच्या टोकाच्या आरशापाशी येतो, मग आत-बाहेर फेऱ्या मारतो आणि दर फेरीला थोडा बाहेर पडतो. फेऱ्यांची पूर्ण बेरीज लिहिताना त्या पहिल्या एकेरी प्रवासाचा गुणक वेगळा लिहावा लागतो. तो राहिला की मॉडेल मापनाच्या बरोबर १३.३ मायक्रोसेकंद पुढे धावतं. तुमच्याकडे तेच झालंय. गंमत अशी की सिंगल पोल वापरला असतात तर ही चूक दिसलीच नसती. पूर्ण बेरजेची सिंगल पोलशी तुलना केली तर बेरीज एक भुजा पार करण्याच्या वेळेइतकीच पुढे असते, आणि एकेरी प्रवास तेवढाच मागे आणतो. दोन्ही एकमेकांना खातात. त्यामुळे दोन पद्धतींपैकी एकच धरा: पूर्ण बेरीज आणि एकेरी प्रवास, किंवा नुसता सिंगल पोल. सिंगल पोल घेऊन वर १३.३ टाकायचे असतील तर त्या अंदाजाची १३.३ ची उलट दुरुस्तीही सोबत टाका. एक बाजू एका पद्धतीतून आणि दुसरी दुसरीतून उचलली की पुन्हा १३.३ चा फरक उभा राहतो.

आता आकारमान का हललं ते. शोधक बंद लूपवर चालतो: आरशांची उरलेली हालचाल एरर सिग्नलमध्ये दिसते, आणि कंट्रोल सिग्नल आरशांना ढकलून ती दाबतो. त्याचा प्रतिसाद म्हणजे १ अधिक लूप गेन, भागिले सेन्सिंग. फोड केली तर दोन वाटा दिसतात: एरर सिग्नल भागिले सेन्सिंग, आणि कंट्रोल सिग्नल गुणिले अ‍ॅक्च्युएशन. ताण (लहरीमुळे भुजांच्या लांबीत पडणारा सापेक्ष फरक) काढताना या दोन वाटांची बेरीज होते. दोन्ही वाटा सारख्याच उशिरा आल्या तर बेरीज सारखीच उशिरा येते, आकारमान जसंच्या तसं राहतं. पण एकच वाट सरकली तर दोन सदिशांमधला कोन बदलतो आणि बेरजेची लांबी बदलते. जिथे लूप गेन १ असतो तिथे दोन्ही वाटा तोडीस तोड असतात, आणि तिथेच हा परिणाम सगळ्यात बोचतो.

आकड्यांत पाहू. समजा लूप गेन ६५ हर्ट्झला १ होतो आणि तिथे फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्यापासूनचं फेजचं अंतर) ३० अंश आहे. तिथे १ अधिक लूप गेनचं आकारमान फक्त ०.५२ उरतं. सेन्सिंगमध्ये १५.२६ मायक्रोसेकंद जास्त पडले तर ६५ हर्ट्झला फेज ०.३६ अंशांनी हलते, म्हणजे ०.००६२ रेडियन. प्रतिसादाच्या आकारमानात यामुळे येणारी चूक ०.००६२ गुणिले १.८७, म्हणजे १.२ टक्के घट. फेजमध्ये मात्र जेमतेम ०.१८ अंश. तुमचे १.२ टक्के इथून आले. नुसती फेज पाहणारा म्हणेल की काही झालंच नाही. म्हणून विलंब दुरुस्त केल्यावर फक्त उंच वारंवारतेची फेज तपासून थांबू नका. लूप गेन जिथे १ होतो त्याच्या आजूबाजूचं आकारमान तपासल्याशिवाय दुरुस्ती झाली असं मानू नका.

हीच गोष्ट तुमच्या लूप गेनच्या आकड्यांतही आहे. विलंब टाकण्याआधी २०० हर्ट्झला मापन ०.९६ अंश मागे होतं, हे १३.३ मायक्रोसेकंद झाले. टाकल्यावर मॉडेल १.१ अंश मागे पडलं, हे १५.२६ झाले. चिन्ह उलटलं म्हणजे तुम्ही गरजेपेक्षा पुढे गेलात, आणि किती पुढे तेही त्याच आकड्यात आहे. लूप गेनमध्ये सेन्सिंगचा आणि अ‍ॅक्च्युएशनचा विलंब मिळून एकूण १३.३ चीच भर हवी होती.

ही तपासणी नीट करायची तर तीन मापनं लागतात. पहिलं, पीकॅलपासून एरर सिग्नलपर्यंतचा ट्रान्सफर फंक्शन, लूपचा परिणाम काढून टाकून: यातून सेन्सिंगचा विलंब मिळतो. दुसरं, अ‍ॅक्च्युएटरला दिलेल्या ड्राइव्हपासून एरर सिग्नलपर्यंत. याला पहिल्याने भागलं की सेन्सिंग उडून जातं आणि अ‍ॅक्च्युएशनचा विलंब उरतो. तिसरं, खुद्द लूप गेन, ज्यात दोन्हींची बेरीज आणि डिजिटल फिल्टर येतात. तीन मापनं आणि दोनच अज्ञात, त्यामुळे ताळा घेता येतो. ताळा १ ते २ मायक्रोसेकंदांत जुळायला हवा. जुळला नाही तर टेस्ट पॉइंटच्या जागा पाहा. एरर आणि कंट्रोलची चॅनलं एकाच संगणकावर, एकाच आवर्तनात वाचली जातात, की मधे एका संगणकावरून दुसऱ्यावर नेटवर्कने जातात? प्रत्येक उडीला सहसा एक पूर्ण आवर्तन जातं. १६३८४ हर्ट्झवर एक आवर्तन चुकलं तर १ किलोहर्ट्झला २२ अंश जातात, ते लगेच दिसतं. ६५५३६ हर्ट्झवरचं एक आवर्तन ५.५ अंशांचं, ते पोलच्या चुकीत सहज लपून राहतं.

ताळ्याची एक मर्यादा आहे, आणि तुमचं प्रकरण तिथेच अडकलंय. पीकॅलची नोंद समजा १५.२६ मायक्रोसेकंद आधीची समजली गेली. मग मोजलेलं सेन्सिंग तेवढं उशिराचं दिसेल, आणि अ‍ॅक्च्युएशन तेवढंच लवकरचं. बेरीज तीच. तिन्ही मापनं केलीत तर ताळा बिनचूक जुळेल आणि चूक आतच राहील. तुमच्याकडे ती उघडी पडली, कारण अ‍ॅक्च्युएशन तुम्ही मोजलं नव्हतं, आराखड्यावरून घेतलं होतं. दुसरी शक्यताही तेवढीच खरी आहे: पीकॅल बरोबर आहे, सेन्सिंगला २८.६ हवेतच, आणि आराखड्यातल्या अ‍ॅक्च्युएशनमध्ये डॅकच्या बाजूचं एक आवर्तन दोनदा धरलंय. दोन्ही शक्यतांत लूप गेन सारखा, ६५ हर्ट्झची १.२ टक्के घटही सारखी. फरक एकच, सगळा ताणसिग्नल काळात १५.२६ मायक्रोसेकंदांनी सरकतो की नाही. बंद लूपच्या आत राहून हा फरक मोजता येत नाही.

म्हणून घड्याळ. लायगोच्या (अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरी शोधकांच्या) टाइमिंग यंत्रणेत प्रत्येक इमारतीतलं घड्याळ जीपीएसला बांधलेलं असतं आणि दर सेकंदाची कड फायबरने पोचवली जाते. फायबरमधला विलंब जाऊन-येऊन मोजून वजा केला जातो. ती वजाबाकी बंद पडली तर भुजेच्या टोकाच्या, म्हणजे शेवटच्या इमारतीचं घड्याळ सुमारे २० मायक्रोसेकंद मागे पडेल, हा आकडाही ओळखून ठेवा. एडीसी (व्होल्टेजचे डिजिटल आकडे करणारा भाग) खरंच वेळेवर वाचतोय का हे पाहायला ड्युओटोन वापरतात: ९६० आणि ९६१ हर्ट्झच्या दोन साइन लहरींची बेरीज, जी सेकंदाच्या कडेला बांधलेली असते आणि एडीसीच्या एका राखीव चॅनलवर कायम नोंदली जाते. दोन्ही लहरींच्या फेजमधल्या फरकाचं चक्र एका सेकंदाचं, त्यामुळे ढोबळ वेळ निःसंदिग्ध मिळते. मग प्रत्येक लहरीच्या फेजवरून बारीक वेळ: ९६० हर्ट्झच्या आसपास १ मायक्रोसेकंद म्हणजे ०.३५ अंश, आणि इतका स्वच्छ सिग्नल असताना तो सहज मोजता येतो. काढताना एवढं पाहा की ड्युओटोनचं चॅनल अ‍ॅनालॉग अँटी-अलायझिंग फिल्टरमधून (सॅम्पलिंगआधी फार उंच वारंवारता गाळणाऱ्या) जातं की थेट एडीसीत शिरतं. पीकॅलचं चॅनल फिल्टरमधून जातं आणि ड्युओटोन जात नाही, अशी मांडणी असेल तर दोन्हींची सरळ तुलना चुकीची ठरेल.

तुमच्या बाबतीत पाहायचं हे. शेवटच्या इमारतीतल्या एडीसीचा ड्युओटोन आणि दोन्ही भुजा जिथे मिळतात त्या इमारतीतल्या एडीसीचा ड्युओटोन, दोन्ही एकाच सेकंदासाठी काढा. विलंब सारखे आले तर दोन्ही एडीसींमधलं ते एक आवर्तन दोन्हीकडे सारखंच आहे, आणि पीकॅलला जी दुरुस्ती लावली तीच एरर सिग्नललाही लावलेली असली पाहिजे. दुरुस्तीच्या स्क्रिप्टमध्ये पीकॅलच्या नावासमोर एक आवर्तन जास्त वजा केलेलं सापडलं तर १५.२६ चा मालक मिळाला. तिथे काही सापडलं नाही तर अ‍ॅक्च्युएशनकडे वळा. डॅकमधून सेकंदाच्या कडेला एक पायरी सोडा, ऑसिलोस्कोपला त्याच सेकंदाच्या कडेवर ट्रिगर द्या, आणि पायरी डॅकच्या पिनवर किती वेळाने उमटते ते पाहा. डॅक ते एडीसी अशी केबल जोडून केलेलं लूपबॅक मापनही उपयोगी आहे, पण ते दोन्ही बाजूंचा मिळून विलंब देतं. त्याचे दोन सारखे भाग करून मोकळं होणं ही सर्रास होणारी चूक आहे. डॅकच्या आतल्या बफरमध्ये काही सॅम्पलं आधीच भरून ठेवलेली असू शकतात, आणि ती संख्या संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकते. म्हणून लूपबॅक एकदा करून भागत नाही, दर रीस्टार्टनंतर करायचं.

दोन्ही टोकांना पीकॅल असेल तर आणखी एक सोपी तपासणी आहे. एक्स टोकावरून आणि वाय टोकावरून अगदी जवळजवळच्या वारंवारतांवर एकेक रेषा सोडा आणि दोन्हींवरून निघणाऱ्या सेन्सिंगची फेज ताडून पाहा. दोन्ही भुजा विरुद्ध चिन्हाने मोजल्या जातात, तेवढे १८० अंश सोडून फरक शून्य यायला हवा. नाही आला तर एका टोकाचं घड्याळ किंवा एका टोकाची दुरुस्ती चुकली आहे.

आता विलंबासारखे दिसणारे भिडू. अँटी-अलायझिंग फिल्टर हा पहिला. तिसऱ्या क्रमाचा, १० किलोहर्ट्झचा बटरवर्थ घेतला तर कमी वारंवारतेला तो ३१.८ मायक्रोसेकंदांच्या विलंबासारखाच वागतो. २ किलोहर्ट्झला त्याची खरी फेज २३.१ अंश, आणि ३१.८ च्या विलंबाची २२.९. फरक नगण्य. ५ किलोहर्ट्झला मात्र खरी ६०.३ आणि विलंबाची ५७.३, म्हणजे ३ अंशांची तफावत. फिल्टरच्या जागी विलंब टाकून काम भागवलं तर उंच वारंवारतेला न वळणारी रेष वळलेली दिसते, मग ती सरळ करायला कोणीतरी आणखी एखादा खोटा पोल घालतं. ६५५३६ वरून १६३८४ वर आणणाऱ्या डिजिटल फिल्टरचंही तसंच: त्याचे खरे सहगुणक घ्या, ठोकळ विलंब नको. अ‍ॅनालॉग बोर्डांमध्ये भागांच्या टॉलरन्समुळे थोडा फरक असतो, म्हणून ज्या चॅनलवर सगळं अवलंबून आहे त्याचा बोर्ड स्वतंत्र मोजलेला बरा.

दुसरा भिडू कॅव्हिटी पोल, आणि तो जास्त त्रास देतो. समजा पोल ४१० हर्ट्झला आहे आणि मॉडेलमध्ये तो ५ हर्ट्झने चुकलाय. फेजमधली चूक १०० हर्ट्झला ०.१६ अंश, ४१० ला ०.३५, १ किलोहर्ट्झला ०.२५, ५ किलोहर्ट्झला फक्त ०.०६. म्हणजे पोलची चूक पोलपाशी सर्वाधिक असते आणि पुढे विरते, विलंबाची चूक मात्र वाढतच जाते. मापन ६०० ते ७०० हर्ट्झपर्यंतच केलं असेल तर फिट करणाऱ्या प्रोग्रामला दोन्हींत फरक कळत नाही. तो थोडा पोल सरकवतो, थोडा विलंब घालतो आणि दोन्ही चुकवतो. त्यामुळे विलंब नेहमी १ किलोहर्ट्झच्या वरच्या बिंदूंवरून ठरवा, तो गोठवा, आणि मगच पोल फिट करा. पोल दिवसागणिक, कधी तासागणिक बदलतो, कारण आरसे तापतात आणि जुळणी हलते. विलंब तसा बदलत नाही. विलंब रोज बदलताना दिसला तर तो विलंब नव्हेच, पोलची चूक तिथे सांडली आहे. कॅलिब्रेशन रेषांवरून पोलचा मागोवा घेणाऱ्या गणितात चुकीचा विलंब शिरला की पोलचा अंदाजही कायम एका बाजूला झुकलेला राहतो.

उंच वारंवारतेचे बिंदू मिळवणं महाग पडतं. पीकॅलचं बल लेसरच्या शक्तीच्या प्रमाणात असतं, पण विस्थापन वारंवारतेच्या वर्गाने घटतं. १०० हर्ट्झच्या तुलनेत ३ किलोहर्ट्झला तेवढ्याच शक्तीने ९०० पट कमी हालचाल. म्हणून तिथे स्वीप करत बसत नाहीत, एकेक रेषा लांबलचक वेळ लावून ठेवतात आणि मग पुढच्या वारंवारतेवर सरकवतात. किती सरासऱ्या लागतील ते आधीच काढा. कोहेरन्सचा (ड्राइव्ह आणि मोजलेला सिग्नल किती जुळतात त्या मापाचा) वर्ग ०.९९ असेल तर १ किलोहर्ट्झला १ मायक्रोसेकंद ओळखायला सुमारे १३० सरासऱ्या लागतात, ०.९९९ असेल तर १३ पुरतात. सरासऱ्या दसपट वाढवण्यापेक्षा ड्राइव्ह वाढवून कोहेरन्स सुधारणं स्वस्त. आरशाच्या पृष्ठभागाची स्थानिक विकृतीही १ किलोहर्ट्झच्या वर डोकं काढते. पण तिच्यामुळे, आरशाच्या स्वतःच्या अनुनादापासून दूर असताना, आकारमान बदलतं आणि फेज जवळपास जागची हलत नाही. आकारमान सरकलंय आणि फेज सरळ आहे असं दिसलं तर विलंबाच्या मागे लागू नका.

दुरुस्ती लावायची कशी, हा शेवटचा भाग. सेन्सिंगचा उलटा फिल्टर म्हणजे विलंबाचा उलटा, म्हणजे सिग्नल पुढे ओढणं. नंतर केलेल्या विश्लेषणात हे सोपं आहे. चालू यंत्रणेत भविष्यातलं सॅम्पल मिळत नाही, म्हणून तिथे कंट्रोलच्या वाटेला उशीर करून दोन वाटा जुळवतात आणि एकूण विलंब पुढच्या टप्प्यावर टाइमस्टॅम्पमधून काढतात. समजा दोन वाटांमधला फरक २०० मायक्रोसेकंद आहे. १६३८४ हर्ट्झवर हे ३.२८ आवर्तनं. नुसती ३ आवर्तनं टाकली तर १६.९ मायक्रोसेकंद उरतात, आणि वर दाखवलेल्या गणिताने तेवढ्याने ६५ हर्ट्झला १.३ टक्क्यांची आकारमानाची चूक येते. उरलेला अंश टाकायला पहिल्या क्रमाचा थिरान ऑलपास (आकारमान न बदलता अंशात्मक विलंब देणारा डिजिटल फिल्टर) पुरतो: २ पूर्ण आवर्तनं साध्या विलंबाने, आणि १.२७७ आवर्तनं थिरानने, ज्याचा सहगुणक उणे ०.१२२ येतो. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमध्ये ३० अँटेनांचे सिग्नल जुळवताना हीच युक्ती आहे: पूर्ण सॅम्पल आधी सरकवायची, आणि अंशाचा भाग स्पेक्ट्रममध्ये फेजचा उतार देऊन भरायचा. पुण्यात असून हे जवळून पाहायचं असेल तर तिथल्या कोरिलेटरचं काम समजून घ्या, फार फायदा होईल.

मॉडेलमध्ये विलंबासाठी पाडे अंदाज (विलंबाच्या जागी दोन बहुपदींचा भागाकार) वापरू नका. ६१ मायक्रोसेकंदांसाठी पहिल्या क्रमाचा पाडे १ किलोहर्ट्झला ०.२६ अंश चुकतो आणि ५ किलोहर्ट्झला तब्बल २२ अंश. वारंवारतेच्या बिंदूंवर थेट घातांकी गुणक लावा, ऋण चिन्हाने, आणि तुमच्या फूरिये रूपांतराची चिन्हपद्धत तीच आहे का ते माहीत असलेला विलंब देऊन एकदा पाहून घ्या. चिन्ह उलटलं तर विलंब दुप्पट होऊन समोर येतो.

इतक्या बारकाईची गरज आहे का, हाही प्रश्न रास्त आहे. १४ सप्टेंबर २०१५ चा गुरुत्वीय लहरींचा पहिला सिग्नल लायगोच्या दोन केंद्रांपैकी लिव्हिंग्स्टनला हॅनफर्डच्या ६.९ मिलिसेकंद आधी पोचला होता. आकाशातली दिशा या फरकावरून ठरते, आणि नेहमीच्या ताकदीच्या सिग्नलची आगमनवेळ नॉइजमुळेच मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतकी अनिश्चित असते. त्यापुढे १५ मायक्रोसेकंदांनी दिशा बिघडत नाही. पण ६५ हर्ट्झजवळचे १.२ टक्के थेट अंतरात जातात, आणि अंतरावरून हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर) काढायचा असेल तर अशी एकाच दिशेला झुकलेली चूक शेकडो सिग्नलांची सरासरी घेऊनही जात नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभा राहील तेव्हा तिथल्या टाइमिंगचा हिशेब पहिल्या दिवसापासून ओळीनिहाय असावा, असं मला मनापासून वाटतं, आणि आज असे प्रकल्प करणारेच उद्या तो ठेवणार आहेत.

तर तुमच्यासाठी क्रम असा. सेन्सिंगमधली २८.६ ची ओळ काढा. तिच्या जागी १३.३ ची ओळ लिहा आणि समोर कारण लिहा: एकेरी प्रवास. लूप गेन पुन्हा तपासा, २०० हर्ट्झचा फरक ०.१ अंशाच्या आत यायला हवा, आणि ६५ हर्ट्झचं आकारमानही सावरलेलं दिसेल. पीकॅलच्या तुलनेत १५.२६ चा उतार तेवढा शिल्लक राहील. तो राहू द्या, फिट करून घालवू नका. मग दोन्ही एडीसींचे ड्युओटोन काढा, स्क्रिप्टमधली पीकॅलची दुरुस्ती वाचा. तिथे जास्तीचं आवर्तन सापडलं तर ते काढा आणि काम झालं. नाही सापडलं तर डॅकची पायरी मोजा, अ‍ॅक्च्युएशनमधून १५.२६ कमी करा आणि सेन्सिंगमध्ये तेवढेच वेगळ्या ओळीत वाढवा. मापनांच्या वेळा नोंदवताना जीपीएस सेकंद लिहा. भारतीय वेळ लिहायचीच तर साडेपाच तासांचा फरक आणि जीपीएस व यूटीसीमधली १८ सेकंदं दोन्ही सांभाळा, नाहीतर ड्युओटोन एका सेकंदाचा आणि पीकॅल दुसऱ्याच सेकंदाचा अशी तुलना होऊन बसते.